जंतू चालले हातोहात!

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला 'रेझिस्टन्स' शिकवायला कुणी जाऊ नये. गेल्या साली डावणी या रोगावर चाललेलं औषध यंदा का चालत नाही, एकाच गटातली औषधं लागोपाठ का मारायची नाहीत, मात्रा कमी पडली की बुरशी कशी चेकाळते, हे सगळं त्याला कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसून पाठ झालेलं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की तालुक्यात दुसरा विषयच नसतो. आणि हाच गडी स्वतःला ताप आला की मेडिकलमधून 'जरा स्ट्राँग' गोळ्या मागून घेतो, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या फडताळात टाकतो, पुढच्या तापाला उपयोगी पडतील म्हणून! बागेतलं शहाणपण घराचा उंबरा ओलांडत नाही.

तर हा फेरफटका आहे औषधांना भीक न घालणाऱ्या जंतूंचा, आणि त्यांना फुकटात इकडून तिकडं नेणाऱ्या हातांचा. त्यातही डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींच्या हातांचा.

सहा ग्रॅमची पुडी

बागेतून निघालोच आहोत तर आधी एक पुडी बघू. 'स्ट्रेप्टोसायक्लीन' हे नाव तासगाव, पलूस, आटपाडीकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असेल. डाळिंबाचा तेल्या म्हणा, द्राक्षाचा जिवाणूजन्य करपा म्हणा, ६ ग्रॅमची पुडी टाकीत पडायचीच. आत काय असतं? ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन, १ भाग टेट्रासायक्लीन. दोन्ही माणसांची औषधं! त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन तर १९४३ मध्ये सापडलेलं, क्षयरोगावर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. आणि पुडी कुठली? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची, म्हणजे १९५४ मध्ये देशाला स्वस्त पेनिसिलिन मिळावं म्हणून सरकारनं काढलेल्या कारखान्याची.

माणसाचं औषध पानांवर आणि मातीत पडत राहिलं की मातीतले जंतू त्याला सरावतात, आणि ही सवय ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं या जोडीवर शेतीत बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करायचं म्हटलं होतं. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर त्याआधीच, २०१९ मध्ये, बंदी आली होती. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं शेवटच्या फळीतलं औषध, आणि ते कोंबडीचं वजन वाढावं म्हणून चारलं जात होतं. आता बोला!

हातावर राहणारे आणि हातावर बसणारे

हातावर दोन तऱ्हेची वस्ती असते, हे १९३८ मध्येच मांडलं गेलं. एक कायमची बिऱ्हाडं: कातडीच्या खोल थरात राहणारे, बहुधा निरुपद्रवी, किती घासलं तरी पुरते न जाणारे. दुसरे वाटसरू: कुठंतरी हात लागला म्हणून वर बसलेले. वाटसरू वरच्यावर असतात म्हणून साबणानं किंवा सॅनिटायझरनं चटकन जातात. दवाखान्यात घात करतात ते बहुतेक हेच.

मग आपण सगळे रोज आजारी का पडत नाही? ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा एका दोराला हजारो हात लागतात. वाटसरू जंतूंची केवढी देवाणघेवाण होत असेल! पण धडधाकट माणसाच्या धड कातडीवर बसलेला जंतू बहुतेक वेळा निमूट निघून जातो. आयसीयूतल्या पेशंटला मात्र हातात सलाईनची सुई, लघवीची नळी, घशात व्हेंटिलेटरची नळी आणि पोटावर टाके असतात. कातडीची भिंत चार ठिकाणी फोडलेली. तिथं वाटसरूला दार उघडंच मिळतं.

नुसती नाडी बघितली तरी

१९७७ मध्ये लंडनच्या एका वॉर्डात एक साधा प्रयोग झाला. तिथं क्लेबसिएला नावाच्या जंतूचा त्रास चालला होता. संशोधकांनी नर्सेसचे हात तपासले. ड्रेसिंग नाही, जखम नाही, रक्त नाही. नुसती नाडी बघितली, बीपी घेतलं, पेशंटला उचलून बसवलं. तेवढ्यानं एका हातावर १०० ते १००० क्लेबसिएला चढले होते. आणि न धुतलेल्या हातावर ते दीड दोन तास तग धरत होते, काही तर १५० मिनिटांपर्यंत.

दीड तासात एक सिस्टर किती पेशंटना हात लावते? सरकारी दवाखान्याचा वॉर्ड डोळ्यांपुढं आणा आणि तुम्हीच हिशेब करा. 'मी तर काही घाण काम केलंच नाही' हे वाक्य या प्रयोगानं कायमचं मोडीत काढलं. केलं नाही तरी चढतात.

हाताइतकीच चिवट पलंगाची दांडी. बेदाणा टिकतो तो आत पाणी उरलेलं नसतं म्हणून. पाण्याविना जंतू वाढू शकत नाहीत. पण वाढत नाहीत म्हणजे मरतात असं नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा आयसीयूतला कुप्रसिद्ध जंतू कोरड्या दांडीवर, मॉनिटरच्या बटणावर, पडद्यावर पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. एमआरएसए नावाचा दुसरा जंतू सात महिन्यांपर्यंत. बाळंतीण घरी जाऊन बाळाच्या बारशा-जावळापर्यंत मजल गेली तरी हे तिथंच!

टोळीतली नावं

एमआरएसए हा यातला सगळ्यात जुना दादा. मेथिसिलिन हे औषध आलं १९५९ मध्ये. इंग्लंडमधून त्याला न जुमानणाऱ्या जंतूची बातमी आली १९६१ मध्ये. दोन वर्षंसुद्धा धड गेली नाहीत. नवीन बुरशीनाशक तिसऱ्या हंगामाला बोथट झालं म्हणून हळहळणाऱ्या बागायतदाराला हे दुःख समजेल.

आपल्याकडचं गाजलेलं नाव म्हणजे 'एनडीएम-१'. यातली एनडी ही दोन अक्षरं नवी दिल्लीची. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश नागरिकावर दिल्लीत उपचार झाले होते. स्वीडनला परतल्यावर २००८ मध्ये त्याच्या नमुन्यात असा जंतू सापडला की ज्याच्याकडं कार्बापेनेमसारखी भारी औषधं कापून काढणारी कात्री होती. कात्रीला राजधानीचं नाव दिल्यावर २०१० मध्ये देशात केवढा गदारोळ झाला! आमची बदनामी, आमच्या मेडिकल टुरिझमवर घाला, परकीयांचा कट, सगळं म्हणून झालं. गंमत अशी की त्या गदारोळाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्येच, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं होतं: कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने तपासले, त्यातल्या २२ मध्ये हीच कात्री निघाली. घरच्यांनी सांगितलेलं कुणी वाचलं नाही, बाहेरच्यांनी सांगितल्यावर सगळे रागावले.

एकूण हिशेब असा की २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळं गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात भारतातली सुमारे ३ लाख.

मळी, वाईन आणि ८० टक्के

या सगळ्या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगतो. जो क्लेबसिएला मेरोपेनेमच्या महागड्या इंजेक्शनला हसतो, कोलिस्टिनला हसतो, तो तळहातावरच्या चमचाभर अल्कोहोलनं वीस-तीस सेकंदांत मरतो. अगदी साध्या, औषधाला दबणाऱ्या जंतूसारखाच.

असं का? अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालतं; जंतूनं ती जागा बदलली, किंवा औषध कापणारी कात्री मिळवली, की तो सुटला. अल्कोहोल असं नेम धरून काही करत नाही. ते जंतूचं वेष्टन विस्कटतं, आतली प्रथिनं गोठवून टाकतं. अख्खं घरच पाडल्यावर कुलूप बदलून काय उपयोग?

आता मजा बघा. शुद्ध, १०० टक्के अल्कोहोल पाणी मिसळलेल्यापेक्षा कमी मारतं! प्रथिनं गोठायला थोडं पाणी लागतंच. म्हणून ६० ते ८० टक्के हे माप बरोबर बसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं कुठल्याही छोट्या दवाखान्याला करता येईल असा सॅनिटायझरचा एक पाठ जाहीर केलेला आहे: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन हाताची साल निघू नये म्हणून. हायड्रोजन पेरॉक्साइड हातासाठी नसतंच. बाटलीत चुकून शिरलेले जिवाणूंचे बीजाणू मरावेत म्हणून ते.

इथेनॉलची खाण तर आपल्याच दारात. सांगली-साताऱ्यात उसाचं राज्य, उसाची मळी, मळीची डिस्टिलरी. मार्च २०२० मध्ये देशात सॅनिटायझर मिळेना, तेव्हा साखर कारखान्यांना आणि डिस्टिलऱ्यांना ते करायची मुभा मिळाली, आणि साखरेच्या पोत्याशेजारी सॅनिटायझरचे कॅन दिसू लागले. पलूसच्या वाईन पार्कची आठवण काढून कुणी विचारेल, की मग वाईननं हात धुतले तर? वाईनमध्ये अल्कोहोल १२-१४ टक्के. जंतूंची तहान भागेल फक्त.

अल्कोहोल सगळ्यांनाच मारतं असंही नाही. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल नावाचा जुलाब लावणारा जंतू बीजाणूच्या कवचात बसतो, त्याला अल्कोहोलचं काही वाटत नाही. तिथं साबण आणि वाहतं पाणीच हवं. हाताला डोळ्यांनी दिसणारी घाण, रक्त, शी लागली असेल तरी साबणच. आणि मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक खटकणारी गोष्ट नोंदवली: एन्टेरोकॉकस फेसियम या जंतूचे २०१० नंतरचे नमुने जुन्या नमुन्यांच्या मानानं अल्कोहोल जास्त सोसत होते. अजून मरतात, पण जरा हळू. म्हणजे दोन थेंब घेऊन फुंकर मारायची सवय सोडली पाहिजे. तळहाताची ओंजळ भरेल एवढं घ्यायचं आणि वाळेपर्यंत चोळायचं.

१८६५ सालातले तिघे

व्हिएन्नाचा डॉ. इग्नाझ सेमेलवाइस बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बायका पटापट दगावत. गावभर ही बातमी इतकी होती, की बाया गुडघे टेकून विनवत, पहिल्या विभागात नको. काहीजणी तर वाटेतच बाळंत होऊन मग आत येत, आणि रस्त्यावर बाळंत झालेल्या त्या बायका जास्त वाचत! मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचा मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मेला, अगदी बाळंतिणीच्या तापासारखाच. त्याला उमगलं: डॉक्टर शवागारातून थेट बाळंतिणीकडं येतात, हातावर काहीतरी घेऊन. मे महिन्यात त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. जंतूंमुळं रोग होतात हे तेव्हा वैद्यकात मानलंच जात नव्हतं.

आणि बक्षीस काय मिळालं? डॉक्टर लोक भडकले. आम्ही सभ्य गृहस्थ, आमचे हात घाणेरडे? पुढं सेमेलवाइसचं डोकं फिरलं, वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकला, तिथं मारहाणीतल्या जखमेत विष भरून १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो गेला. वय ४७.

आता तारखांचा योगायोग बघा. त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ ला, ग्लासगोत जोसेफ लिस्टर गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधत होता. जंतुनाशक शस्त्रक्रियेची ती सुरुवात; पोरगा पायासकट वाचला. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्याकडं एक मुलगी जन्मली होती, जी पुढं चौदाव्या वर्षी आई होणार होती, दहा दिवसांत ते मूल गमावणार होती आणि त्या घावापोटी अमेरिकेत जाऊन डॉक्टर होणार होती. आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये पदवीसाठी तिनं प्रबंधाचा विषय कोणता निवडला? हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

हातमोज्याची प्रेमकहाणी

ऑपरेशनचे रबरी हातमोजे पेशंटला वाचवायला आले असं वाटतं ना? ते आले एका नर्सचे हात वाचवायला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सच्या हातांची जंतुनाशकानं पार सालपटं निघाली. सर्जन विल्यम हॉलस्टेडना ते बघवेना. त्यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून खास तिच्या मापाचे पातळ हातमोजे करून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. हातमोजे घातले तर पेशंटच्या जखमाही कमी चिघळतात, हे डॉक्टर मंडळींच्या ध्यानात यायला मात्र आणखी काही वर्षं लागली.

तेव्हा आपल्या वैद्यकीय पंढरीत, मिरजेत, काय चाललं होतं? डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. म्हणजे मिरजेत पहिली मोठी ऑपरेशन्स झाली तेव्हा रबरी हातमोजा ही वस्तू जगात चार-पाच वर्षांचीच होती. आज तासगावचा गंभीर पेशंट १०८ मधून सांगली-मिरजेला हलवला जातो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही १९६२ पासून आहे.

हातमोज्याचा एक तोटा मात्र सांगायलाच हवा. तो घातला की माणसाला वाटतं, आता हात धुवायला नकोत. मग तोच हातमोजा घालून पेशंट, केसपेपर, दाराची कडी, मोबाईल आणि पुन्हा पेशंट! मोज्याला सूक्ष्म भोकं असू शकतात आणि काढताना हाताला घाण लागतेच, म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे असतात.

डॉक्टर, तुम्ही किती वेळा धुता?

मेलबर्नच्या लहान मुलांच्या रुग्णालयातला, १९९६ मध्ये छापून आलेला हा किस्सा. डॉक्टरांना विचारलं, पेशंटला हात लावण्याआधी किती वेळा हात धुता? त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज: ७३ टक्के. मग गुपचूप बघितलं. प्रत्यक्षात ९ टक्के! शंभर मार्कांच्या पेपरात नऊ, आणि घरी सांगितलं त्र्याहत्तर पडले.

जगभरच्या पाहण्या एकत्र केल्यावर, काही खास मोहीम नसताना, हात स्वच्छ करण्याचं प्रमाण सरासरी ४० टक्क्यांच्या खालीच भरतं. बहुतेक पाहण्यांत सिस्टर डॉक्टरांपेक्षा पुढं असतात. यात मला काडीचं आश्चर्य वाटत नाही. आणि जवळपास सगळीकडं एक गोष्ट सारखी: पेशंटला हात लावल्यानंतर धुणारे जास्त, लावण्याआधी धुणारे कमी. आपल्याला लागू नये ही काळजी आधी, त्याला लागू नये ही नंतर. माणूस आहे, चालायचंच. पण पेशंटच्या दृष्टीनं 'आधी' जास्त मोलाचं.

टोरांटोत तर यंत्रं बसवून मोजलं. वही-पेन घेतलेला तपासनीस नजरेच्या टप्प्यात असेल तर सॅनिटायझरचा वापर सुमारे तिप्पट. साहेब वळले की पुन्हा जैसे थे. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळेला लागणारा चुना आठवला की नाही?

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाई रुग्णालयानं मात्र बाजी मारली. पत्रकं वाटली, पोस्टर लावली, कॉफीची कूपनं दिली. थोडा फरक पडला. मग एके दिवशी जेवणाच्या बैठकीत बड्या डॉक्टरांपुढं जंतू वाढवायच्या बशा ठेवल्या आणि म्हटलं, यावर पंजा ठेवा. काही दिवसांनी बशीत पंजाच्या आकाराचं जंतूंचं शेत उगवलं. त्याचा फोटो काढून रुग्णालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून टाकला. हात धुण्याचं प्रमाण जवळजवळ १०० टक्क्यांवर गेलं! व्याख्यानानं जे होत नाही ते किळसेनं होतं. हा प्रयोग करायला आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला मिरजेच्या कॉलेजातल्या चार बशा पुरतील.

पुष्कराज, पोवळं आणि नेलपॉलिश

आपल्याकडं डॉक्टरच्या बोटात गुरूसाठी पुष्कराज आणि मंगळासाठी पोवळं असतं. त्या अंगठीखाली काय असतं ते ज्योतिषी सांगत नाही. अंगठीखालची कातडी ओलसर, दमट. तिथं जंतूंची दाटी उरलेल्या बोटापेक्षा कितीतरी जास्त. परदेशातल्या एका पाहणीत ४० टक्के नर्सेसच्या अंगठीखाली क्लेबसिएला-अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या वर्गातले जंतू सापडले, आणि काहींच्या बोटावर तोच जंतू महिनोन्‌महिने मुक्कामाला होता. घड्याळ, बांगड्या, मनगटावरचा गंडा, सगळ्यांचं तेच. इंग्लंडनं २००७-०८ च्या सुमारास नियमच केला: पेशंटजवळ जाताना कोपराखाली काही नको, बाहीसुद्धा नको.

कृत्रिम नखांचं तर नावच नको. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका नवजात अर्भक कक्षात सुडोमोनसची साथ महिनोन्‌महिने चालली, बाळं दगावली. तपासात नर्सेसच्या लांब नि कृत्रिम नखांकडं बोट गेलं. हात धुताना सगळ्यात जास्त राहून काय जातं माहीत आहे? अंगठा, बोटांची टोकं आणि बेचकी. म्हणजे ज्यांनी सुई धरायची नेमके तेच! तळहात बिचारा उगाच घासून घासून झिजतो.

पाच बोटं, पाच वेळा

जागतिक आरोग्य संघटनेनं दवाखान्यातल्या माणसासाठी पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. सुई, ड्रेसिंग, नळी असं निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटला न शिवता नुसती त्याची कॉट, टेबल, सलाईनचा स्टँड हाताळल्यावरही. ही शेवटची वेळ सगळे विसरतात.

सलाईन लावतानाचं दृश्य जवळून बघा. सिस्टर येतात, ट्रे ठेवतात, कॉटची दांडी ओढून जागा करतात, पडदा सारतात, केसपेपरवर नाव बघतात, हातमोजे घालतात, शीर सापडेना म्हणून मोज्याचं एक बोट फाडतात, उघड्या बोटानं शीर चाचपतात आणि सुई घालतात. दांडी, पडदा, केसपेपर, सगळं त्या उघड्या बोटावर आलं. दोष एकट्या सिस्टरचा नाही; एका पाळीत तीस-चाळीस पेशंट आणि बेसिन वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कोण किती वेळा चालत जाईल? म्हणूनच बाटली कॉटच्या पायथ्याशी अडकवायची असते. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझरला २० ते ३०, आणि चालण्याचा वेळ वाचतो तो वेगळाच. वर ग्लिसरीनमुळं सॅनिटायझर हाताला साबणापेक्षा सौम्य पडतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

२००९ पासून ५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन असतो. पाचवा महिना, पाच तारीख, पाच बोटं. सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ मध्ये 'कायाकल्प' योजना आली, तिच्यात हात धुण्याला मार्क आहेत.

चिल्लर खुर्दा

गरम पाण्यानं जंतू जास्त जातात? नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये १५, २६ आणि ३८ अंशांच्या पाण्यानं धुऊन बघितलं, फरक शून्य. गॅस वाचवा.

धुतलेले हात ओले ठेवून काही हाताळलं तर कोरड्या हातापेक्षा कितीतरी पट जास्त जंतू उतरतात. पुसणं हा धुण्याचाच भाग आहे, फक्त वॉर्डातल्या सगळ्यांच्या त्या एका टॉवेलला नव्हे.

आजीची चुलीतली राख? बांगलादेशात तपासून बघितली, विष्ठेतले जंतू काढण्यात राख साबणाच्या बरोबरीला उतरली. घासणं आणि वाहतं पाणी हेच खरं काम करतं. दवाखान्यात मात्र राख नको!

'अँटिबॅक्टेरियल' साबणातलं ट्रायक्लोसान साध्या साबणापेक्षा काही जास्त करतं हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. अमेरिकेनं २०१६ मध्ये ते हातांच्या साबणातून काढायला लावलं.

औषधाच्या पाकिटावर डावीकडं उभी लाल रेघ असते, बघितलीत? २०१६ पासून सरकार तिची जाहिरात करतंय. अर्थ एवढाच: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

आबांचं गाव

स्वच्छतेचं आणि तासगावचं नातं जुळलं ते अंजनीच्या आर. आर. पाटलांमुळं, म्हणजे आबांमुळं. ग्रामविकास मंत्री असताना २००० मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं. सरकारी योजना बक्षिसाच्या शर्यतीत बदलली आणि गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली. त्यात एक बारीक शहाणपण होतं: उपदेश कमी, चुरस जास्त. सीडर्स-सायनाईच्या बशीत जे होतं तेच. हे करून दाखवलेल्या तालुक्याला आपल्या दवाखान्यांची अशी शर्यत लावणं अवघड नाही; महिन्याला किती लिटर सॅनिटायझर खपला एवढं फळ्यावर लिहिलं तरी सुरुवात होईल. खप मोजणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे, आणि तिला तपासनीसाची वही लागत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते. पेशंट बघायला जाताना सफरचंदं आणि बिस्किटपुडा नेतोच, तसे आत शिरताना आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा. कॉटवर बसू नका, ड्रेसिंगला आणि सलाईनच्या नळीला हात लावू नका, एका पेशंटच्या उशाशी ठेवलेला मोबाईल पुसल्याशिवाय दुसऱ्याकडं नेऊ नका. आणि आपल्या माणसाला सुई लावायला कुणी आलं, तर संकोच न करता, हसून विचारा: "सिस्टर, तेवढं सॅनिटायझर लावून घेता का?" मोठ्या डॉक्टरांनाही विचारा. अंगठी दिसली तर तीही काढायला सांगा.